खळ्यावरची पवनचक्की

आबा, आपल्या खळ्यावर मी पवनचक्की लावलीय आणि आता मला तिची भीती वाटते. तुम्ही गेल्यानंतरचं आधी थोडं सांगायला हवं. आईचं फुप्फुस कमजोर झालंय. दिवसातून बराच वेळ नाकाला नळी लावून ऑक्सिजनच्या मशीनवर पडून राहावं लागतं, आणि मशीनला वीज लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा तार तुटली की कामशेतहून माणूस वर येईपर्यंत दोन-दोन दिवस जातात. सोलर लावावं तर आषाढात धुक्यातून शेजारचं घर दिसत नाही, तिथे सूर्य कुठला दिसणार. मग उरला वारा. त्याचा आपल्याकडे काही तोटा नाही, असं मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

पुण्यातल्या दुकानदाराने साधाच प्रश्न विचारला होता, "जागेवरचा वारा वर्षभर मोजलाय का?" मी नवलाख उंबऱ्याला कंपनीत मेंटेनन्सला आहे, मशीन घेण्याआधी काय काय बघायचं, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. तरी मला राग आला. म्हणालो, माझ्या वडिलांनी जन्मभर मोजलाय. छपरावर लावू नका, घर हादरतं. डोंगराच्या आडोशाला नको, वारा तुटक येतो. असं तो समजावत राहिला आणि मी नुसती मान डोलावत राहिलो. माझ्या डोक्यात जागा कधीच ठरली होती.

मी आठ-नऊ वर्षांचा आहे. भात झोडून झालंय. तुम्ही तिवईवर उभे, सूप डोक्याच्या वर धरलेलं. खाली आई रास सारखी करतेय. तुम्ही चिमूटभर भुसा सोडता, तो सरळ खाली पडतो, आणि तुम्ही तसेच थांबता. मी कंटाळून म्हणतो, आबा, पल्याडच्या बांधावर जाऊ. तुम्ही खाली न बघता खेकसता, "गप ऱ्हा. वारं हितंच येतंय. आन् म्होरनं बाजूला हो, कुसळ जाईल डोळ्यात." आणि खरंच येतं, एकसारखं, न थांबता. भात पायाशी पडतं, भुसा लांब जाऊन पडतो. वारा तुमचं ऐकतो, असं मला त्या दिवशी वाटलं. पन्नाशीला आलो तरी ते मनातून गेलं नव्हतं.

पण तुम्ही खळं करायचात ते मार्गशीर्षात. भात कापल्यावर जमीन चोपायची, शेणाने सारवायची, पंधरा दिवस वापरायची. तो वारा पूर्वेचा. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत असायचं. तुमचं सोडा, म्हैससुद्धा तिथे थांबत नसे. ती का थांबत नाही, हे मला आता कळतंय. पावसाळी वारा पश्चिमेकडून डोंगर ओलांडून येतो आणि खळ्यावर नुसता गरगरतो. चक्कीचं तोंड घडीत घराकडे, घडीत दरीकडे. पाती थांबतात, मग एकदम किंचाळत सुटतात. परवा खांबाला ताणून धरणाऱ्या तारेची एक खुंटी ओल्या मातीतून वीतभर वर आलेली दिसली. ती पुन्हा ठोकली, चक्कीला ब्रेक लावला आणि खांबापासून आईच्या खोलीपर्यंत पावलं मोजली. खांबाची लांबी जास्त भरते.

कालपासून लाइट नाही. मशीन आता चक्कीवर भरलेल्या बॅटरीवर चालतंय, तिच्यावरचा हिरवा दिवा सकाळी पिवळा झाला. मी दर पाच मिनिटांनी बघतोय, बघून काय होणार ते माहीत असूनही. मघाशी आईने नळी बाजूला सारून विचारलं, "चक्की थांबलीय व्हय रं?"

"वारं लय हाय, म्हणून थांबवलीय."

"मंग सोड की मोकळी. तुझ्या आबांची जागा हाय ती. घाबरतुस कशाला?" एवढं बोलल्यावर तिला धाप लागली. मी नळी नीट बसवून दिली आणि पडवीत येऊन बसलो. चक्की सोडावी तर खांब आईच्या अंगावर यायचा. न सोडावी तर संध्याकाळपर्यंत मशीन बंद पडायचं. गाडी दारात उभी आहे. खाली जाणारा रस्ताही चालू आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. गावात विचारतात, आईला तळेगावला तुझ्या घरी का नेत नाहीस? मी सांगतो, ती घर सोडायला तयार नाही. म्हातारी माणसं अशीच असतात म्हणून सगळे गप्प बसतात. आमच्या दोन खोल्या, पोरांचा अभ्यास, तिचा तो न थांबणारा खोकला, हे सगळं डोळ्यांपुढे आलं म्हणून मी चक्की घेतली. आबा, 'आई, चल माझ्याकडे,' असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही.