जमादार सुरुंगाला भ्यायला लागला तेव्हा

मंद्रूप,
मंगळवार

प्रिय शालन,

तुझं पत्र पोचलं. हेमावतीनं वाचून दाखवलं आणि हे उत्तरही तीच लिहिते आहे. मी बोलते तसंच लिही, अशी तंबी दिलीय तिला. तरी कुठं फार शहाण्यासारखं वाक्य आलं तर ते तुझ्या वहिनीचं समज. तू लिहिलेल्या मोठ्या गोष्टीवर बोलणारच आहे, पण आधी आपल्या कुत्र्याची, जमादाराची हकिकत ऐक. पान उलटून पुढं पळू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझ्या लग्नाच्या वरातीत जमादार बँडच्या पुढं चालत होता, आठवतं? फटाका वाजला की शेपूट ताठ करून नवरदेवापेक्षा रुबाबात उभा राहायचा. दुष्काळ सरल्यापासून हितं ज्याच्या त्याच्या रानात विहीर खोदायचं चाललंय, रोज दुपारी सुरुंग उडतात. आपल्या विहिरीवर जमादार काठालाच झोपायचा. सुरुंग उडाला की एक कान हलवायचा आणि पुन्हा झोपायचा. तोच जमादार यंदा सुरुंगाच्या आवाजानं केकाटत येऊन कणगीमागं लपायला लागला. पुढं हलगीला भ्यायला लागला, मग चुलीपाशी ताटली पडली तरी थरथरायचा. रानाची वाट तर त्यानं सोडलीच. एके दिवशी तुझा बाप त्याला उचलून ओट्यावर ठेवायला गेला, तर त्याच्या मनगटाला दात लावले.

रक्त आलं नाही, पण माझ्या लेकाचा, हिंदुरावांचा मान गेला की! धन्याला चावणारं कुत्रं दारात नको, पुढच्या बाजारी ट्रकमधून सोलापूरला नेऊन नव्या पेठेत सोडतो म्हणाला. म्हातारं कुत्रं ते, तिथल्या गर्दीत आणि परक्या कुत्र्यांत किती दिवस काढणार? मी म्हटलं, बाजारापर्यंत तरी थांब. तेवढ्यात त्यालाच वाटलं, जमादाराला विहिरीवर काहीतरी दिसलंय, बाधा झालीय. मग उतारा काढला. दही-भाकरी आणि लिंबू जमादारावरून ओवाळलं, तीन वाटांच्या तिकटीवर ठेवलं आणि रीतीप्रमाणं मागं वळून न बघता तुझा बाप घरी आला. थोड्या वेळानं लंगडत लंगडत जमादार आला, तोंडाला दही! आता ज्याचा उतारा त्यानंच खाल्ला तर बाधा जाते का दुप्पट होते, यावर घरात जे भांडण पेटलं ते विचारू नकोस. हेमावती आत्ताही हसतेय, अक्षर वाकडं आलं तर तिला बोल.

उलगडा झाला तो माझ्या कमरेमुळं. ओट्याखाली शेंगा फोडत बसले होते, जमादार शेजारी. पलीकडं सुरुंग उडाला. मी दचकले, सगळं अंग आवळलं आणि कमरेत अशी कळ आली की मी आई गं म्हणून ओरडले. त्याच दमात तो केकाटला. मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. अगं, मला सुरुंगाचं कसलं भय? पण हल्ली सुरुंगाची वेळ झाली की मी आधीच भिंत धरते, कारण दचकल्यावर काय होणार ते ठाऊक असतं. म्हटलं, ह्याचंही तसंच नसेल कशावरून? त्याच्या पाठीवरून हात फिरवत नेला. मागच्या पायाच्या खुब्यापाशी हात गेला आणि त्यानं ओठ वर करून गुरगुर केली, पण डोळे नुसते विनवत होते बघ. मग एकेक सुचायला लागलं. ओट्यावर उडी मारणं त्यानं कधीच सोडलं होतं. बसताना बूड हळूच टेकवायचा. आणि चावला कधी, तर तुझ्या बापानं उचललं तेव्हा!

गुरांच्या दवाखान्यात त्याला गाडीत घालून नेलं. डॉक्टरांनी खुबा चाचपला आणि म्हणाले, आज्जी, बरोबर आलात. सांधा झिजलाय. आवाज झाला की अंग आवळतं, आवळलं की दुखतं, मग तो आवाज, ती जागा, जवळ येणारा माणूस, सगळंच त्याला वैरी वाटायला लागतं. जन्मभर धीट असलेलं जनावर उतारवयात भ्यायला लागलं तर आधी दुखणं शोधावं, म्हणाले. पुड्या दिल्या, गोणपाटाची मऊ गादी करायला सांगितली. आता तो हलगीला भीत नाही, ताटली पडली तर मान वर करून हेमावतीकडं रागानं बघतो. विहिरीकडं मात्र अजून जात नाही. दुखणं हटलं तरी भीती मागं रेंगाळते, म्हणून तुझा बापच त्याला भाकरीचा तुकडा दाखवत रोज थोडं थोडं त्या वाटेनं नेतो. ट्रकचं नाव काढत नाही.

आता तुझ्या सासऱ्यांचं. तू लिहिलंस, आगगाडीची शिट्टी झाली की मामंजी मान आवळून कोपऱ्यात बसतात, नातू गळ्यात पडला तर ढकलून देतात, डोकं फिरलंय असं घरात सगळे म्हणतात आणि त्यांना गावाकडच्या रिकाम्या घरात ठेवून यायचं ठरतंय. शालन, कोंडीबा व्याह्यांना मी तुझ्या लग्नात पोटभर नावं ठेवली, अजून ठेवीन, तो माझा हक्क आहे. पण उभा जन्म कुर्डुवाडीला इंजिनावर काढलेला माणूस शिट्टीला भीत नसतो. त्यांना काहीतरी दुखतंय. दुखतं का असं विचारलंस तर ते नाहीच म्हणतील, सुनेपुढं कोण कण्हतो? तू नुसती बघ. उठताना कशाला धरतात, सदरा घालताना कुठला हात वर जात नाही, कुठल्या कुशीवर निजत नाहीत. मग जावईबापूंना सांग, गावाची गोष्ट बंद, आधी दवाखाना. आज्जीनं सांगितलंय म्हण, मला ते भितात. आणि मामंजींजवळ मागून जाऊ नकोस, बाळालाही जाऊ देऊ नकोस. समोरून जा, आधी हाक मार, त्यांनी वर बघितलं की मग हात लाव.

तुझीच, कमरेवर हात ठेवून बसलेली,
रंभाबाई आज्जी