साहेब बदलला, तुम्ही नाही

बाबा, आज तुमच्याशी भांडायचंच आहे, आणि आज तुम्हाला मध्येच 'खलास!' म्हणून उठता येणार नाही. मस्कतला बौशरच्या ऑफिसात आपण दोघं ज्याच्या हाताखाली होतो तो अमेरिकन साहेब आठवतो ना? पक्का कंझर्व्हेटिव्ह. इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा छाती फुगवून सांगायचा, "आम्ही तो देश सरळ करणार." तुम्ही ड्रॉइंगवरून मान वर न करता त्याला तोंडावर म्हणालात, "सर, दुसऱ्याच्या घरात घुसून कुणाचं भलं होत नाही." अख्खं ऑफिस गार! पुढे त्याचा मुलगा त्याच युद्धातून एक पाय गमावून आला आणि साहेबाची भाषा फिरली. आमची पोरं परक्या वाळवंटात कशाला पाठवायची, म्हणू लागला.

तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या कार्डावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. सर्वांत जुने म्हणून वरची जागा तुमची. ती तुम्ही मोकळी ठेवलीत. त्या रात्री आपल्या घुब्र्याच्या फ्लॅटमध्ये मी जाब विचारतोय आणि तुम्ही कांदा चिरता चिरता म्हणताय, "झिलाचो पाय गेलो तेव्हा अक्कल इली? आधी मरत होती ती कोणाची पोरां?" मला तेव्हा राग आला, अजून आहे. माणसाने बदलायचंच नाही? तुम्ही आईला दोन वर्षांत परत येतो म्हणालात आणि तीस वर्षं इथे काढलीत, तेव्हा आईने तुमचं नाव खोडलं का? आणि साहेब मुळात बदललाच नव्हता. त्याला तेव्हाही त्याचाच देश आधी, नंतरही. तो कसा राखायचा, एवढंच त्याला उशिरा कळलं.

आता ऐका. अमेरिकेने इराणवर बॉम्ब टाकले. परकी युद्धं नकोत म्हणत मतं मागणारे साहेबाच्याच पक्षातले कितीतरी लोक टाळ्या वाजवायला लागले. आम्ही इथे मस्कतमध्ये, आणि समुद्रापलीकडेच इराण. तुमची नात मला विचारते, "बाबा, स्कूल क्लोज होणार?" त्यात साहेबाचा मेसेज आला. "चर्चमधले जुने मित्र माझ्याशी बोलत नाहीत, पण मी या युद्धाच्या विरोधातच आहे," असं लिहिलंय. घ्या! या वेळी तर त्याच्या घरातलं कुणी लढायला गेलेलं नव्हतं. खाली विचारलंय, "तुझे वडील काय म्हणतात?"

तुम्ही गेलात हे मी त्याला कधी कळवलंच नाही. मी उत्तर टाकलं, "बाबा म्हणतात, शाब्बास." रागवा खुशाल! हे पत्र काही कुठे जाणार नाही, म्हणून सांगतो. तुम्ही त्याला शाब्बास म्हटलं नसतंत, ठाऊक आहे मला. मलाही कधी म्हणाला नाहीत.