तिसऱ्या अंकातला माझा मृत्यू

शनिवार, १४ मार्च २०२६

आज रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, बुलडाण्यातल्या भरल्या सभागृहात, मला ठार मारण्यात आलं. मी तिसऱ्या रांगेत बसून बघत होते.

हौशी मंडळींचं नाटक. जाहिरातीत ‘गायन पार्टीतली जुनी प्रेमकथा’ असं होतं, म्हणून गेले. थोड्याच वेळात कळलं — ही तर माझीच! गाणारी मुलगी, पेटीवाला मुलगा, दोघं तिच्या वडिलांच्या पार्टीत, भीमजयंतीला गावोगाव फिरणारे. फक्त माझं नाव कोकिळा केलंय. कोकिळा! मी पेटीच्या काळी दोनमध्ये गायचे, बाप्यांच्या सुरात. लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणी बुवा गातोय. ही पोरगी काळी पाचला किंचाळत होती.

गाणी मात्र सगळी माझी. शेवटच्या कडव्यात माझ्या नावाचं ‘शीला सांगे’ तसंच ठेवलेलं. गाते कोकिळा, सांगते शीला. सभागृहात एकालाही प्रश्न पडला नाही.

वडील दुष्ट दाखवलेत. तिसऱ्या अंकात कोकिळा खोकून खोकून पेटीवाल्याच्या मांडीवर मरते. शेजारच्या आशाबाईंना सोबत नेलं होतं. त्या तोंडात पदर धरून रडत होत्या. मी कानात सांगितलं, ‘आशाबाई, ती मी आहे.’

‘काहीबाई नका बोलू,’ म्हणाल्या. ‘ते तं मेली.’

रविवार, १५ मार्च

बीपी वाढलंय. मेलेल्या बाईला बीपी असतं, हे नाटकवाल्यांना कळवायला हवं.

सोमवार, १६ मार्च

नाटक लिहिणारी मंजुश्री इथल्याच कॉलेजात शिकवते. घरी बोलावलं, चहा दिला आणि मग धारेवर धरलं.

‘काकू, ते सगळं काल्पनिक आहे.’

‘गाणीसुद्धा?’

‘गाणी खरी आहेत. धामणगाव बढ्याची पार्टी अजून म्हणते. तिथल्या पेटीवाल्या प्रेमानंदबाबांनी दिली मला. त्यांचीच गोष्ट आहे, थोडी फुलवली मी. शीला वारली म्हणाले, तिकडं नागपूरला.’

मी माझं पेन्शनचं ओळखपत्र तिच्या हातात ठेवलं. धम्मशीला पुंजाजी इंगळे, टेलिफोन खातं. पोरीनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं आणि चहा सतरंजीवर सांडला.

म्हणजे खोकला मंजुश्रीचा, पण मारलं प्रेमानंदनं!

मंगळवार, १७ मार्च

सतरंजीचा डाग गेला नाही. तोही प्रेमानंदच्या नावावर.

गुरुवार, १९ मार्च

खरं काय झालं ते इथं तरी नीट असावं.

माझ्या बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं ते इंग्रजी यावं म्हणून. सिस्टरनी ऑर्गनपाशी उभं करून गायला लावलं, आणि सुट्टीत घरी आले ती थेट बाबांच्या पार्टीत. मी माइकसमोर, प्रेमानंद पेटीवर. माझा श्वास कुठे संपतो हे त्याला माझ्याआधी कळायचं. आमचं जमलंय हे आधी प्रेक्षकांना कळलं, मग बाबांना, शेवटी आम्हाला.

बाबा आडवे आले नाहीत. ‘कर लगन, पन नोकरी सोडू नको,’ एवढंच म्हणाले. मला नागपूरला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. प्रेमानंद म्हणाला, ‘पार्टी सोडून म्या येत नाई.’ मी म्हणाले, नोकरी सोडून मी राहत नाही. संपलं. निवृत्त झाल्यावर बुलडाण्याला आले, ती जिवंतच. यात क्षयरोग कुठे बसतो?

रविवार, २२ मार्च

आशाबाईंना घेऊन एसटीनं धामणगाव बढ्याला गेले.

प्रेमानंद ओट्यावर पेटी उघडून भात्याला चामडं चिकटवत बसला होता. केस पांढरे, बोटं तशीच.

‘कोन हाये?’

‘भूत.’

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. ‘आवाज तं तोच हाये. बसा.’ मग जरा वेळानं, ‘बस.’

‘मला मारलंस कशाला?’

‘तुया बापाचाच नेम व्हता, इसरली का? जित्या गायकाचं गानं त्याले न इचारता दुसऱ्यानं म्हनायचं नाई. मेल्यावर ते साऱ्यायचं. तू तं नागपूरले जाऊन बसली. तुही गानी बंद पडली. जयंतीले बाया मले इचारत, शीलाचं गानं काऊन नाई? मंग सांगून देल्लं, वारली. तवापासून सारं गाव गाऊन राह्यलं.’

नेम होता खरा. बाबा त्यावर फार कडक.

‘मला विचारायचं होतंस.’

‘कोन्त्या तोंडानं?’

आशाबाईंना राहवलं नाही. ‘यायच्या नावानं मेल्यावरचं पुण्यानुमोदन तरी केलं का हो?’

‘केलं ना. गाव जेवलं. खीर व्हती.’

ते उरकल्यावरच त्यानं लग्न केलं म्हणे. माणूस शिस्तीचा, मान्य. बायको चार वर्षांपूर्वी वारली. ही खरोखर.

मग भात्याकडे बघत म्हणाला, ‘पन आता तू आली. साऱ्यायनं पाह्यलं. तू हो म्हनल्याबिगर पोरं तुही गानी म्हनू शकत नाई. जयंती तोंडावर हाये. हो म्हन, नाई तं बंद.’

मी पिशवी उचलून एसटीची वाट धरली.

बसमध्ये आशाबाई म्हणाल्या, ‘मानूस बरा हाये, बाई. मारलं, पन खीर घालून.’

बुधवार, २५ मार्च

न्हाणीघरात गाऊन पाहिलं. काळी दोन आता लागत नाही. आवाज पांढरी एकवर उतरलाय. शब्द मात्र सगळे आठवतात, एकही कडवं गळलं नाही. याचाच जास्त राग येतो.

शनिवार, २८ मार्च

आज रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. मजकूर उतरवून ठेवते:

‘श्री. प्रेमानंद यांस. परवानगी नाकारण्यात येत आहे. जयंतीला माझी गाणी मी स्वतः म्हणेन. पेटीवर आपण बसावं. सूर आता पांढरी एक. मी निवृत्त असल्यामुळे परतीची घाई नाही. ओट्यामागची खोली रिकामी दिसली. ती तशीच ठेवायची आहे की कसं, ते १० एप्रिल, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. तोंडी उत्तर चालणार नाही. तोंडी आपण काहीही सांगता.’