पहिलं धिरडं उन्हाचं

मी, फिलोमेन शासेन्य, बातिस्तची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार वर्नेल, सावलीकाठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ते कायदा विचारत नाही. भरीस घालायला लोक आले होते, त्यांना कॉफी पाजून वाटेला लावलं. शाळा दुसरीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्यावं. सध्या मी फार खुशीत आहे, कारण पुढे येईलच.

घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा रेमों याला. अर्धं तर कायदाच त्याला देतो. बाकीचं मी देते, म्हणजे आईने काही दिलं नाही म्हणायला तोंड राहणार नाही.

घरामागची भाजीची पट्टी मात्र नात सोलांज हिला. ती हयात असेतोवर तिने ती नगरपालिकेला विकू नये, वाटही देऊ नये. का, ते सांगते.

पालिकेने गावाचा इतिहास-भूगोल छापलाय. 'नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलं, चाकूंसाठी प्रसिद्ध गाव.' दोन्ही तीरांवर म्हणे. पाण्याला उतार आमच्या बाजूला, म्हणून पाण्यावर फिरणारी, पाती घासायची चाकं आमच्याकडे आणि चाकांवर मरणारेही आमच्याकडे. मालक, डॉक्टर, पाद्री पलीकडे, उन्हाकाठी. आमच्याकडे नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे जातो, तो मेणबत्त्यांच्या सणाला, फेब्रुवारीच्या दोन तारखेला, खिंडीतून डोकावतो. त्या दिवशी सगळा देश धिरडी खातो. आम्ही पहिलं धिरडं खिडकीत ठेवतो, उन्हासाठी. सासू म्हणायची, पाहुणा उपाशी गेला तर परत फिरकत नाही.

मालकाने खिंडीकडच्या गोदामावर तिसरा मजला चढवला, त्या वर्षी पाहुणा आलाच नाही. बातिस्त तेव्हा अंथरुणाला खिळलेला. जन्मभर फळीवर पालथं पडून दगडी चाकावर पाती धरली, थंडीत उबेला पायांवर कुत्रा बसवून. दगडाची धूळ छातीत बसली ती बसलीच. सणाच्या सकाळी म्हणाला, "फिलो, पडदा बाजूला सार ना."

पडदा सारलेलाच होता. म्हटलं, "ढग आलेत रे."

"ढग नाहीत. वीट आहे ती."

ईस्टरच्या आत गेला. पुढे परदेशातून स्वस्त चाकू आले, कारखाना बुडाला, मालक दक्षिणेला समुद्राकाठी गेला, आणखी उन्हात. मजला मात्र उभा. यंदाच्या वादळाने त्याचं छप्पर नेलं आणि धोका नको म्हणून पालिकेने सगळा मजला उतरवला. दोन तारखेला ऊन माझ्या धिरड्यावर येऊन बसलं. मी इतकी हसले की शेजारीण डॉक्टरला बोलवायला निघाली.

आता तिथे चाकूंचं संग्रहालय व्हायचंय, तिसऱ्या मजल्यासकट, आणि बांधकामाच्या गाड्यांना वाट माझ्या पट्टीतूनच. महापौर म्हणजे आमच्या जुन्या मुकादमाचा नातू. माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "फिलोमेन आजी, मजला काचेचा करतोय. ऊन आरपार येईल."

म्हटलं, "बाळा, तुझे आजोबाही बातिस्तला सांगायचे, धूळ आरपार जाते म्हणून."

रेमों आता उन्हाकाठी राहतो. तो दारात महापौराला हळूच म्हणाला, "आईनंतर बघू." मी म्हातारी आहे, बहिरी नाही.

बातिस्तची फळीही संग्रहालयाला हवी आहे. तिच्यावर पेंढा भरलेला कुत्रा बसवणार म्हणे. आमच्या कापोराल कुत्र्याने एकदा मुकादमाला कडकडून चावलं होतं, आमच्या घरातलं पदक म्हणाल तर तेवढंच. त्याच्या जागी पेंढा नको. फळी चिरून मी गेल्यावरच्या पहिल्या सणाला चुलीत घालावी, धिरडी तिच्यावर व्हावीत.

राहिला बातिस्तचा पलंग. तो रेमोंचा, पण खिडकीसमोरून हलवू नये. त्याच सणाला त्याने एक सकाळ त्यावर निजावं, बाप निजायचा त्याच कुशीवर, खिडकीकडे तोंड करून. सोलांज त्याला धिरडं आणून देईल. पहिलं नाही, दुसरं.

हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत, असं नोटरी म्हणतात. त्यांना वर्नेल माहीत नाही. दोघांना समोर बसवून वाचून दाखवलं आहे.

साक्षीदार: क्लोतिल्द वेर्दिये, शेजारीण (सही)
ओनोरे बुर्दाल, पाती घासणारा, निवृत्त (सही)

फिलोमेन शासेन्य (सही)
वर्नेल, सावलीकाठ, ९ मार्च १९८७. बाहेर ऊन आहे.