उतरायचं राहिलं

२ एप्रिल
बडनेऱ्याला गाडीतून उतरले तर ऊन असं, की चपलेतूनही तळपाय भाजले. सांगलीच्या मैत्रिणी म्हणाल्याच होत्या, उन्हाळ्यात अमरावतीला कोण जातं गं, वेडी का तू! जातं, नोकरी लागली की जातं. मुलांच्या सुधारगृहात समुपदेशक, आणि तीही कायमची. खोली झकास आहे, फक्त कूलर ट्रॅक्टरसारखा ओरडतो. भाजीवालीकडे कोथिंबीर मागितली तर ती हसायलाच लागली. इथे म्हणे तिला सांभार म्हणतात. गिलावडा खाल्ला, वर आणखी एक प्लेट खाल्ली. अधीक्षक रामराव साहेब गोड माणूस आहे, वाक्यावाक्याला बाप्पा म्हणतात. मी खूश आहे, मनापासून खूश.

५ एप्रिल
पहिले दोन दिवस एकाही पोट्ट्याने तोंड उघडलं नाही. (इथे मुलांना पोट्टे म्हणतात, मीही म्हणायला लागले.) आज विचारलं, राग आला की आधी अंगात कुठे कळतो? मग काय, सगळे एकदम सुरू. कुणी म्हणे मुठीत, कुणी कानशिलात. कुलदीप म्हणाला, दातात.

हा कुलदीप सतरा वर्षांचा. वलगावकडच्या एका मैदानावर मॅच चालली होती, बंडू नावाचा त्याचा मित्र अंपायर होता. त्याने कुलदीपला रनआउट दिलं. याने स्टंप उपटून त्याच्या डोक्यात घातला, उजव्या कानामागे. बंडू गेला. त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत कुलदीपने इथेही मुलांची नाकं फोडली आहेत. त्याची आई मैनाबाई दर रविवारी डबा घेऊन येते आणि दिसेल त्याच्या पाया पडते. अहवाल चांगला गेला तर पंचवीस तारखेला त्याला घरी सोडतील, आणि अहवाल माझ्या हातात आहे. मी मैनाबाईला फोनवर सांगून टाकलं, काळजी करू नका, तुमचा लेक शांत होऊनच घरी येईल.

८ एप्रिल
माझी पद्धत सोपी आहे. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या. ज्याला मारलं त्याच्या खुर्चीत मुलाने बसायचं आणि त्याच्या तोंडाने बोलायचं. मुलाच्या खुर्चीत मी बसते, त्याचं नाव घेते, त्याच्यासारखी बोलते. मारणारा समोरून कसा दिसतो हे त्याला एकदा तरी दिसायला हवं ना! शेवटी दोघांनी उतरायचं. म्हणजे उठून हातपाय झटकायचे, नळावर तोंड धुवायचं, मोठ्याने म्हणायचं, मी तो नाही, मी अमुक. प्रशिक्षणात आमच्या बाई ओरडून सांगायच्या, बाकी काही विसरलात तर चालेल, उतरायला विसरू नका. पोट्ट्यांना ते फार आवडतं, नळावर नुसता दंगा घालतात.

११ एप्रिल
आज कुलदीप बंडूच्या खुर्चीत बसला. मी कुलदीप झाले. त्याच्याच बोलीत म्हटलं, मी कुलदीप, मले राग आला, मी मारलं. आधी तो दात दाखवत होता. मग हळूहळू त्याचा चेहरा मऊ झाला, हात उजव्या कानामागे गेला आणि तो रडत म्हणाला, काहून मारलं बे, मी तं खरं तेच सांगतलं. आवाज त्याचा नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. रामराव साहेब, मागे संस्थेचे पाहुणे! पोट्टे बोलते केले म्हणून साहेबांनी गुपचूप माझा सत्कार ठरवला होता. खुर्चीतून उठूही दिलं नाही, बसल्याजागी शाल, नारळ, हार. रडणाऱ्या पोट्ट्यालाही हार. फोटो झाले, चहा आणि आलूबोंडे झाले, मुलाला जेवायला नेलं, पाहुणे माझं कौतुक करत राहिले. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. घरी येऊन शालीची घडी घालताना आठवलं, आमचं उतरायचं राहिलं. उद्या सुट्टी आहे. नंतर करू.

१३ एप्रिल, रविवार
कुलदीपमध्ये जमीनअस्मानाचा फरक. ज्याचं नाक फोडलं होतं त्याला पुठ्ठ्याने वारा घालत बसला होता. मैनाबाई आली. त्याने डबा घेतला, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, काकू, कुलदीप नाई आला काय?

मैनाबाई आधी हसली. मग तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, पोराले काही औषध देऊन राहिल्या काय तुमी? मी म्हटलं, अहो, असं होतं, चांगलं लक्षण आहे. साफ खोटं बोलले. असं होत नाही.

१६ एप्रिल
त्याला उतरवायला बसले. हातपाय झटकले त्याने, तोंडही धुतलं. मग म्हटलं, आता म्हण, मी कुलदीप. तीन-चारदा सांगितलं तेव्हा हात जोडून म्हणाला, ताई, नका म्हणायला लावू, मले पुन्हा मराचं नाई.

रामराव साहेबांकडे धावत गेले. ते म्हणाले, काय बाप्पा मॅडम, पोट्टा गाय झाला अन् तुमी रडून राहिल्या! अहवाल त्यांनीच पुढे पाठवला. माझे दात दुखतायत. झोपेत आवळत असणार.

१९ एप्रिल
भाजीवालीने नासकी वांगी घातली म्हणून मी तिची टोपली लाथेने उडवली. मी! ती हात जोडत होती, आणि मला बरं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण बरं वाटलं.

घरी येऊन डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या अंगात बंडू राहिला. मग कुलदीप कुठे गेला? त्या दिवशी त्याच्या खुर्चीत त्याच्या नावाने कोण बसलं होतं? कपाळ माझं! त्याला उतरवायच्या नादात मी स्वतः उतरलेच नाही.

आरशासमोर उभी राहिले. तोंड धुतलं, हातपाय झटकले. मी कुलदीप नाही, मी — नाव येईना. बराच वेळ आलं नाही. मग आलं. नीलम. लिहून ठेवते. नीलम.

२२ एप्रिल
त्याच्यासमोर जायला नको होतं. तो नुसतं ताई म्हणाला आणि माझ्या हातात टेबलावरचं लोखंडी कुलूप आलं. कधी उचललं, देवाशपथ माहीत नाही. तो भिंतीला चिकटला, उजव्या कानामागे हात धरून. म्हणाला, पुन्हा नको मारू बे, कुलदीप.

मला म्हणाला.

मी पळाले. मला माझीच भीती वाटते. साहेब म्हणतात ऊन लागलं, सुट्टी घ्या.

२४ एप्रिल
खोलीतच आहे. कडी आतून लावली. राग जात नाही. बॅट रेषेच्या आतच होती माही, साऱ्यांनी पाह्यलं, तरी त्यानं बोट वर —

हे कुणी लिहिलं? मला क्रिकेटमधलं काहीही कळत नाही.

अक्षर माझंच आहे.

उद्या त्याले सोडून राहिले. तो माह्या घरी जाईन. माह्या ताटात जेवन. अन् मी —

नीलम नीलम नीलम

२५ एप्रिल
सुधारगृहात, कुलदीपच्या त्याच खुर्चीत येऊन बसले. त्याला बोलावलं होतं. एकदाच, दोघांनी मिळून उतरायचं — आला नाही. सुटकेचे कागद झाले. खिडकीतून दिसतो, फाटकापाशी उभा.

माय आली.

त्याच्याकडे पाह्यलंबी नाई तिनं. सरळ आत आली. लय वेळ माह्या तोंडाकडे पाह्यत राह्यली. मग गालावर हात ठेवला. म्हणे, किती वाळला रे बाबू. जेवला काय?

आवळलेले दात सुटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रडलो — रडले —

तिला सांगायला हवं, बाई, मी तुमचा नाही. तोंडातून निघत नाही. तिचा हात सोडवत नाही.

साहेब दारात मॅडम मॅडम करून राहिले. माय म्हणते, ऊठ बाबू, बस चुकन. म्हटलं, एवढं लिहू दे. थांबली आहे. पदराने माझे डोळे पुसते.

उठतो. पण मी उठलो तं खुर्ची रिकामी होईन, अन् मंग नीलम कुठं —