डाव्या हातातला बावटा

४ नोव्हेंबर

आले एकदाची. गाडी फलाटाला लागायच्या आधीच ताई दिसली. करडा स्वेटर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझ्यासाठी शेंगदाण्यांची पुडी. मी दारात दिसताच तिनं मला लहानपणच्या नावानं अशी हाक मारली की हमालसुद्धा वळून बघायला लागले. ते नाव मी इथं लिहिणार नाही. साठी उलटलेल्या बाईला थोडी तरी इभ्रत असते. आई-बाबा गेल्यापासून ते नाव घेणारी जगात ताई एकटीच उरली आहे. आमच्या ह्यांनाही मी ते संसारभर कळू दिलं नव्हतं.

ताईच्या दोन खोल्या एका बंद पडलेल्या छत्र्यांच्या दुकानावर आहेत. जिना अरुंद. ताई मधल्या वळणावर थांबते आणि म्हणते, दम नाही लागला, देखावा बघतेय. देखावा म्हणजे पोपडे आलेली भिंत. आतली खोली तिनं मला दिली आहे. खिडकीतून नदी दिसते आणि नदीवर शेजारी शेजारी दोन पूल, एक रेल्वेचा, एक चालणाऱ्यांचा.

लेकीचा फोन आला. म्हणाली, दोघी मिळून घर डोक्यावर घ्याल, शेजाऱ्यांची काळजी वाटते. मग ताईनं फोन हिसकावून तिला सांगितलं की तुझी आई आल्या आल्या माझं कपाट लावायला बसली आहे, तिला परत घेऊन जा. भावोजी गेल्यापासून ताई मला ये ये म्हणत होती. उगीच इतकी वर्षं घालवली.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, नव्या वहीचं पहिलं पान आनंदाचं असावं. आहेच.

६ नोव्हेंबर

ताईचा नवा छंद पाहून आले. पादचारी पुलावरून ही मंडळी मालगाड्यांचे फोटो काढतात! मंडळी म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, कोपऱ्यावरचा केमिस्ट आणि ताई. प्रत्येकाची कठड्यापाशी ठरलेली जागा. पोस्टमास्तरांनी थर्मासमधला चहा दिला आणि प्रवासी गाड्यांना नाकं मुरडली. म्हणाले, त्यांच्यात सगळ्या खिडक्या सारख्या. मालगाडी कशी, पोटात काय आहे ते उघड दाखवते.

दुपारची गाडी आली तेव्हा पूल पायाखाली थरथरला. कोळशाचे उघडे डबे, सिमेंट, तेलाच्या टाक्या, पोलादाची भलीमोठी वेटोळी. मी लहान मुलीसारखी बघत राहिले. गाडी संपत आली तसे तिघांनीही कॅमेरे खाली केले, काचेवर झाकणं लावली आणि रुळांकडे पाठ करून नदीकडे तोंड केलं. ताईनं माझं कोपर धरून मलाही वळवलं. गाडीचा आवाज विरला तेव्हा सगळे पुन्हा बोलायला लागले, जणू काही झालंच नाही.

घरी येताना विचारलं. ताई म्हणाली, मागचं टोक काय बघायचं, लाल दिव्याची पेटी असते नुसती.

ताई असं म्हणते? आमची ताई?

९ नोव्हेंबर

आज बाबांची फार आठवण आली. बाबा मालगाडीचे गार्ड होते. शाळेची मागची भिंत रुळांना लागून होती. बाबांची गाडी यायची वेळ झाली की सिस्टर आम्हा दोघींना वर्गातून सोडायच्या. आम्ही भिंतीवर चढून बसायचो. पुढचं इंजिन, मधले डबे, कशाशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. आमची गाडी म्हणजे शेवटचा डबा. त्याच्या सज्जात बाबा उभे असायचे, काखेत लाल बावटा गुंडाळलेला, हातात हिरवा. बाबा डावखुरे. बावटा डाव्या हातानं दोनदा हलवायचे आणि मग छातीशी न्यायचे. ती खूण फक्त आमच्यासाठी. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ताई हात हलवायची. मी तिचा फ्रॉक धरून ठेवायचे, ती पडेल म्हणून.

आणि आज ताईचे सगळे फोटो पाहिले. एकाही गाडीला शेपूट नाही. शेवटचे दोन-तीन डबे राहिले की फोटो संपतात.

ताई माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. लहानपणीही तिला लपवता यायचं नाही, कान लाल व्हायचे. आज झाले.

१३ नोव्हेंबर

ताईचे गुडघे धरले आहेत. कॅमेरा माझ्या हवाली केला, पण शंभर अटी घालून. टोक जवळ आलं की पाठ फिरवायची. कुणाला हात करायचा नाही. परत आल्यावर कॅमेरा आधी तिच्या हातात द्यायचा. ती एकेक फोटो नाकाशी धरून बघते. काल एक माझ्यादेखत पुसून टाकला. का, म्हटलं. हललेला होता म्हणाली. हललेला नव्हता. माझे हात अजून थरथरत नाहीत.

मी पुलावर पोचले की केमिस्ट बोलता बोलता गप्प होतो. पोस्टमास्तर माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बघून मगच नमस्कार करतात, जणू मी कुणाला बरोबर तर आणलं नाही ना. आज केमिस्टनं विचारलं, ताईंनी तुम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं का? मी म्हटलं, बहिणीला बहीण बोलावणार नाही तर कोण. तो हसला नाही.

मुद्दाम. हा शब्द जाता जात नाही डोक्यातून.

१५ नोव्हेंबर

आज मी पाठ फिरवली नाही.

दोघं नदीकडे वळल्यावर कॅमेरा वर केला आणि शेवटच्या डब्यावर धरला. डोळ्यांना दिसली ती लाल दिव्याची पेटीच. फोटो मात्र वेगळा आहे. फोटोत पेटीच्या मागे जुन्या वळणाचा गार्डाचा डबा आहे, सज्जासकट. सज्जात टोपी घातलेला माणूस. हातात हिरवा बावटा.

माझं काळीज असं लख्ख झालं की काय सांगू. घरी येईपर्यंत वाटेत तीनदा थांबून पाहिला. मग लक्षात आलं. बावटा त्याच्या उजव्या हातात आहे.

कॅमेरा ताईला दिला, पण तो फोटो असलेलं कार्ड आधी काढून लपवलं, दुसरं घातलं. ती लपवते, मग मीही.

१७ नोव्हेंबर

आज पोस्टमास्तरांना बाबांबद्दल सांगत होते. गाडी पुलावरच होती. बोलण्याच्या ओघात मी त्यांना करून दाखवलं, डावा हात वर, दोनदा हलवून छातीशी. पोस्टमास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. हात खाली घ्या, म्हणाले. आणि मग हळू आवाजात, आता ताईंना सगळं सांगा, आजच.

सांगितलं नाही. नंतरच्या गाडीचा फोटो काढला.

बावटा डाव्या हातात. छातीशी नेलेला, अगदी बाबांसारखा. आणि तो आता शेवटच्या डब्यात नाही. त्याच्या पुढच्या, कोळशाच्या डब्याच्या कडेवर उभा आहे. मला चांगला दिसावा म्हणून पुढं आल्यासारखा.

परवा बाबांची खूण त्याला येत नव्हती. आज येते. मी शिकवली.

१८ नोव्हेंबर

ताईला फोटो सापडले. ओरडली नाही, बसून रडली. मग बोलली.

मागच्या वर्षी तिलाही तो दिसला. तिच्यासारखी तीच, शेवटच्या डब्याकडे न बघणं तिला जमणारच नव्हतं. उजव्या हातातला बावटा पाहून तिला कळलं की हे बाबा नव्हेत. तिनं चूक सुधारून दिली नाही. नुसती पाठ फिरवली. तेव्हापासून तो तिथंच अडकून होता, अर्धवट. त्याला माणसाचं रूप पुरं करून लागतं आणि ते आपणच करून देतो, ताई म्हणाली. प्रेमानं. आणि तो पुरा झाला की त्याच्या जागी कुणाला तरी जावं लागतं.

मी विचारलं, मग मला का बोलावलंस? ती म्हणाली, एकटीला भीती वाटायला लागली होती. मी म्हटलं, तुला तुझ्या जागी कुणीतरी उभं करायचं होतं, असं सरळ सांग ना.

तिचे कान लाल झाले नाहीत.

१९ नोव्हेंबर

मी खोलीचं दार लावून बसले. दुपारी जिन्यात काठीचा आवाज ऐकला. खिडकीतून पाहते तर ताई पुलाकडे चाललेली, गळ्यात कॅमेरा. मला हाक मारायला हवी होती. रागानं नाही मारली.

दिवस मावळायच्या आत परत आली. जिना एका दमात चढली. गुडघे बरे झाले म्हणाली. खुशीत आहे. तो आता येणार नाही, म्हणाली, मिटलं सगळं. मी तिच्या गळ्यात पडून माफी मागितली. तिनं मला थोपटलं. चहा केला.

डाव्या हातानं ओतला.

२० नोव्हेंबर

मी विचारलंच. ताई, तू डावरी कधीपासून झालीस?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कप उजव्या हातात घेतला. तेव्हापासून सगळं उजव्या हातानं.

पुन्हा तीच चूक. देवा, मी पुन्हा सुधारून दिलं.

केमिस्ट ताईची काठी घेऊन आला. पुलावर पडली होती म्हणे. आत पाऊल टाकायला तयार नाही. मी काठी दाराच्या कोपऱ्यात ठेवली. ताईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, कशासाठी असते ते कळत नसल्यासारखी.

२१ नोव्हेंबर

दिवसभर प्रश्न. सहज विचारल्यासारखे. आपण भिंतीवर कुठं बसायचो गं? आई आपल्या वेण्या कशानं बांधायची? बाबा फेरीवरून येताना आपल्याला काय आणायचे?

पहिल्या दोन्हींची उत्तरं देऊन बसले. तिसऱ्याला मुद्दाम खोटं सांगितलं. म्हटलं, लाकडी शिट्ट्या. बाबांनी आम्हाला कधी शिट्टी आणली नाही, आईला आवाज खपायचा नाही.

रात्री जेवताना तिनं डोळे भरून सांगितलं, बाबांच्या त्या शिट्ट्या मी अजून विसरले नाही गं.

मी भात चिवडत राहिले. चेहरा तसाच ठेवला, सिस्टरांसमोर ठेवायचे तसा.

आणि परत आल्यापासून तिनं मला हाक मारलेली नाही. एकदाही. “ऐक ना” म्हणते.

२२ नोव्हेंबर

ती अंघोळीला गेली तेव्हा कॅमेरा पाहिला. ताईनं त्या दिवशी काढलेला एकच फोटो. रिकामा पूल.

कॅमेरा घेऊन धावत सुटले. दुपारची गाडी काढली, शेवटापर्यंत. पोस्टमास्तर नदीकडे तोंड करून उभे होते, डोळे मिटून.

शेवटच्या डब्याच्या सज्जात ताई आहे.

करडा स्वेटर. गुडघ्यांमुळं एका बाजूला कललेली. उजवा हात उंच आणि त्यात लाल बावटा. हिरवा नाही, लाल. माझ्याकडे बघून. थांब म्हणते आहे. पुढं येऊ नको म्हणते आहे.

माझ्या जागी गेली ती. आणि मी तिला काय बोलले—

२३ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. बोलता येईना, ती बाजूला बसलेली. लेक म्हणाली, मावशीला दे. दिला. दोघी खूप वेळ हसत होत्या. मग तिनं सहज विचारलं, तुझ्या आईला आम्ही लहानपणी काय म्हणायचो, तुला माहीत आहे का गं?

लेकीला माहीत नाही. कुणालाच नाही.

तेवढं एकच तिच्याकडे नाही. ते मिळालं की ती पुरी होईल. मग ताईला परत यायला जागा उरणार नाही. ही वही उशीखाली ठेवायची नाही. नाव लिहायचं नाही. मनातसुद्धा—

२४ नोव्हेंबर

गाडी दोनदा गेली. जाऊ दिलं नाही मला. जिन्याचं दार बंद. किल्ली तिच्याकडे.

प्रेमानं बोलते. भरवायला बघते.

खिडकीतून उघड्या डोळ्यांना तो डबा दिसत नाही, आणि कॅमेरा तिच्याकडे. नुसता आवाज—

२५ नोव्हेंबर

आतल्या खोलीत आहे. कडी लावली आहे. बाहेर लख्ख ऊन आहे, खाली कुणीतरी सायकल शिकतंय.

ती दाराबाहेर बसून नावं घेते आहे. एकेक. छकुली. मनी. बेबी. सोनू. प्रत्येक नावानंतर थांबते. माझा श्वास ऐकते.

मी तोंडात पदराचा बोळा कोंबला आहे.

ठमी. चिंगी. बकुळ.

नाही. नाही.

आता गप्प.

गाडी येते आहे. पूल वाजतोय. ताई तिथं आहे, लाल बावटा धरून. धर ताई. सोडू नको. मी त्या दिवशी जे बोलले—

गाडी गेली.

बाहेर काठी वाजली. जमिनीवर टेकून टेकून, थांबून, ताई चालते तशी. काठी बाहेरच्याच खोलीत होती. कुणीही उचलेल.

तिनं नाव घेतलं.

तेच. शेवटचं अक्षर लांबवून, ताई लांबवते तसं. हमाल वळून बघतील असं.

हे मी कुठं लिहिलेलं नाही. कुणाला सांगितलं नाही. ताईखेरीज हे कुणालाच— म्हणजे ताईच आहे. सुटून आली. नाहीतर तिच्याकडून त्यानं ते—

ती रडते आहे. माझं नाव घेऊन रडते आहे. ताई अशीच रड—

मी नुसती कडी जरा