वाचन : उत्तम

ताईस, धाकटीचा नमस्कार.

आपण दोघी शिक्षिका आणि दोघींचं दुखणं एकच: तक्ते भरण्यात दिवस जातो, शिकवायचं राहून जातं. मी बरी आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

माझ्या सातवीतल्या एका मुलीची आई वारली. त्याआधी दूरच्या इस्पितळातून त्या आईने नर्सकडून पत्र लिहवून घेतलं होतं, ‘लगेच ये.’ घरात फक्त आजी, तिला अक्षरओळख नाही. पोरीने ते पत्र आठ दिवस दप्तरात ठेवलं.

“अगं, मला का नाही दाखवलंस?”

“बाई, तुम्हीच ‘वाचन उत्तम’ लिहिलंत ना? आजी सगळ्यांना सांगत फिरते. तिने पत्र वाच म्हटलं, मला ते वाचता येईना, मी म्हटलं, आई बरी आहे.”

ताई, कुणी मूल अभ्यासात मागे दिसता कामा नये असा वरून हुकूम होता. सभांमधून शिक्षणासाठी घसा फोडणारी मी, मुकाट्याने शेरा लिहिला. मास्तरला खरं लिहू देत नाही, वाचता न येणाऱ्या पोराजवळ बसायला वेळ देत नाही, ते कसलं धोरण? पण हात माझाच होता गं.

तुझ्याकडे ठेवलेली माझी लेक चिमी तुझ्याच वर्गात आहे. तिलाही तू ‘उत्तम’ दिलंयस. सोबतच्या चिठ्ठीत तिच्यासाठी चार ओळी आहेत. त्या तिला वाचून दाखवू नकोस. तिच्याकडून वाचून घे. अडखळली, तर तो शेरा आजच खोड.

तुझी धाकटी